वाचकांचे प्रश्न : बंद यंत्रासमोर कॅमेरा

या वेळच्या टपालात एकाच विषयाची बरीच पत्रं आहेत: भंगारात निघालेले लेथ, विहिरीवर गंजत उभी असलेली इंजिनं, शटरआड धूळ खाणारे माग. नाशिक जिल्ह्यात अशा लोखंडाला तोटा नाही. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. कॅमेऱ्याची मापं जिथे दिली आहेत तिथे क्रॉप सेन्सरचा (३५ मिमी फिल्मपेक्षा लहान सेन्सरचा) नेहमीचा डीएसएलआर किंवा मिररलेस धरला आहे.

सातपूरला एका भंगारवाल्याच्या आवारात जुने लेथ, शेपर, पॉवर प्रेस पडले आहेत. मालकाने फोटो काढायला परवानगी दिली आहे. समोर उभं राहिलं की दृश्य जबरदस्त वाटतं, पण फोटोत नुसता लोखंडाचा ढीग दिसतो. चौकटीचे तीन भाग पाडून विषय रेषेवर ठेवला, तरी फरक पडत नाही. काय चुकतंय?
— वाचक, सातपूर

तीन भागांचा नियम विषय कुठे ठेवायचा ते सांगतो. विषय कोणता, हे तुम्हालाच ठरवावं लागतं, आणि तुमची अडचण तिथेच आहे. प्रत्यक्ष पाहताना तुम्ही हलत असता, दोन डोळ्यांनी खोली कळते, म्हणून लेथ मागच्या पिंपांपासून वेगळा दिसतो. कॅमेरा सगळं एका पातळीवर आणतो. त्यात सगळ्याचा रंग तोच, तांबडा-तपकिरी. मग ढीगच दिसणार.

यंत्रासमोर गेल्यावर आधी दोन गोष्टी शोधा: शक्ती कुठून आत यायची आणि काम कुठे व्हायचं. लेथला पट्ट्याची पुली हेडस्टॉकच्या (लेथच्या फिरत्या डोक्याच्या) बाजूला असते आणि कातकाम चक (वस्तू पकडून फिरवणारा जबडा) व टूलपोस्ट (हत्यार धरणारा भाग) यांच्या मध्ये होतं. म्हणजे तुमचा फोटो त्या दीड-दोन फुटांत आहे. बेड, दुसऱ्या टोकाचा टेलस्टॉक, पाय ही त्याची साथ. शेपरमध्ये पुढे-मागे जाणारा रॅम आणि त्याच्या टोकाचं टूलहेड. पॉवर प्रेसमध्ये वर फ्लायव्हील, मध्ये रॅम, खाली टेबल: शक्ती वरून खाली उतरते, म्हणून प्रेसला उभी चौकट शोभते आणि आडव्या चौकटीत दोन्ही बाजूंना कचराच भरतो. हे दोन बिंदू स्पष्ट आणि मोकळे दिसतील अशी जागा सापडली की मांडणीचं निम्मं काम झालं. बाकीचे भाग या दोघांच्या आड येत नसतील तरच आत घ्या.

कोणत्या बाजूने? कारागीर उभा राहायचा त्या बाजूने. हँडल, चाकं, मोजपट्ट्या सगळ्या तिकडेच असतात. मागून फक्त गार्ड आणि मोटर दिसते. लेथ हेडस्टॉकच्या टोकाकडून, बेडच्या लांबीशी तीस-चाळीस अंशांचा कोन करून पाहा. चक पुढे मोठा येतो आणि बेड आपोआप मागे पळत जातो. अगदी काटकोनात समोरून घेतलेला लेथ विक्रीच्या माहितीपत्रकातला वाटतो.

मग पार्श्वभूमी. कॅमेरा गळ्यात ठेवूनच यंत्राला एक फेरी मारा आणि यंत्राकडे न पाहता त्याच्या मागे काय आहे तेवढंच पाहा. गुडघ्यावर बसून कॅमेरा दोन फुटांवर आणला तर यंत्र मागच्या ढिगातून वर उठतं, मागे भिंत किंवा आकाश येतं. मात्र तेव्हा विजेच्या तारा आणि पत्र्याच्या कडाही वर येतात. एक पाऊल डावीकडे, एक उजवीकडे, एवढ्यातच तार खांबामागे लपते. खाली बसून जमत नसेल तर उलट करा. भक्कम स्टुलावरून खाली पाहा, म्हणजे जमीनच पार्श्वभूमी होते. ऑइल सांडून काळी पडलेली सपाट जमीन यासाठी उत्तम. खडी आणि पत्र्याचे तुकडे पसरलेले असतील तर नको.

ॲपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक) मोठं करून मागचं धूसर करण्याचा उपाय सगळे सांगतात. तो तेव्हाच चालतो जेव्हा ढीग यंत्रापासून दहा-पंधरा फूट मागे असतो. दोन फुटांवर टेकलेला ढीग एफ/२.८ लाही (एफचा आकडा लहान तितकं भोक मोठं) पुरता विरघळत नाही, आणि वर यंत्राचा निम्मा भाग मात्र धूसर होतो. अशा वेळी एफ/८ ठेवा आणि उजेडाने वेगळं करा: यंत्रावर ऊन आणि मागे सावली, किंवा गडद यंत्र आणि मागे उजळ भिंत.

शेवटी दोन गोष्टी तपासा. पहिली, टेकलेल्या कडा. चाकाच्या हँडलचं टोक मागच्या पिंपाच्या कडेला नेमकं चिकटलं की दोन्ही वस्तू एकच वाटायला लागतात. एक तर मध्ये ठळक फट हवी, नाही तर एक दुसऱ्यावर ठळक चढलेली हवी. दुसरी, चौकटीच्या चारही कडा. नजर कडेकडेने फिरवा: अर्धं कापलेलं पिंप, निळी ताडपत्री, पांढरी प्लास्टिकची पिशवी. उजळ तुकडा कोपऱ्यात असला की नजर तिथे जाते, चकवर राहत नाही. आणि यंत्र कापायचंच असेल तर निर्धाराने कापा. सहा फुटांचा बेड मध्यावर कापलेला चालतो. यंत्राचा पाय फक्त चार बोटं कापलेला चालत नाही.

आमच्या विहिरीवर जुनं दोन चाकांचं ऑइल इंजिन आहे, सावकाश फिरणारं, धकधक करणारं. फोटोत त्याची चाकं अंड्यासारखी का येतात? १८-५५ ची लेन्स आहे, मी १८ वर ठेवून जवळून काढतो.
— वाचक, निफाड तालुका

दोन वेगळे दोष एकत्र आले आहेत.

पहिला कोनाचा. चाकाची सपाट बाजू आणि कॅमेऱ्याचा सेन्सर समांतर असतील तर गोल गोलच राहतो, अगदी चौकटीच्या कोपऱ्यातसुद्धा. कॅमेरा तिरका झाला की लंबगोल होतो. ठळक तिरका, म्हणजे पस्तीस-चाळीस अंशांचा लंबगोल डोळा बिनतक्रार स्वीकारतो, कारण त्यातून खोली कळते. पाच-दहा अंशांचा मात्र चूक वाटतो. आणि तोच लंबगोल १८ मिमीला चौकटीच्या कडेला गेला की कोपऱ्याच्या दिशेने ताणला जातो. तेच तुमचं अंडं. म्हणून एक तर नेमकं समोरून घ्या, नाही तर स्पष्ट तिरकं घेऊन चाक चौकटीच्या मध्याजवळ ठेवा.

नेमकं समोर आहोत की नाही हे दोन चाकांच्या इंजिनावर फार सोपं कळतं. कॅमेरा क्रँकशाफ्टच्या सरळ रेषेत आणि त्याच उंचीवर आणा. मागचं चाक पुढच्या चाकाच्या आत, सगळीकडून सारखी कडा सोडून बसलेलं दिसलं पाहिजे. आऱ्यांमधून ते डावीकडे जास्त दिसत असेल तर तुम्ही बाजूला सरकला आहात. वर जास्त दिसत असेल तर कॅमेरा जास्त उंचावर आहे.

दुसरा दोष अंतराचा. अशा इंजिनाच्या दोन चाकांत साधारण दोन फूट अंतर धरू. पुढच्या चाकापासून तुम्ही दोन फुटांवर असाल तर मागचं चार फुटांवर पडतं, म्हणजे फोटोत ते निम्म्या आकाराचं येतं. आठ फुटांवर गेलात तर मागचं दहा फुटांवर, म्हणजे आकार पुढच्याच्या ऐंशी टक्के. इंजिनाचं वजन, ठेवण, बैठक हे सगळं या दुसऱ्या फोटोतच दिसतं. तेव्हा मागे जा, लेन्स ३५ वर आणा आणि चौकट उभी करा. आठ फुटांवरून साधारण साडेतीन फूट रुंद आणि साडेपाच फूट उंच एवढं आत येतं; इंजिन, त्याचा काँक्रीटचा ओटा आणि सायलेन्सरचा पाइप यांना ते पुरतं.

विहिरीमुळे मागे सरकायला जागा नसेल तर पूर्ण इंजिनाचा हट्ट सोडा. चाकाचा पाव भाग, त्यातून दिसणारा पंपाकडे जाणारा पट्टा किंवा त्याची रिकामी पुली एवढंच घ्या. अर्धवट चाक चौकटीतून बाहेर गेलेलं असलं तरी त्याचा गोल वाचकाचा डोळा पूर्ण करतो, फक्त चाकाचा मध्य, म्हणजे हब, आत असू द्या. आणि व्ह्यूफाइंडरला डोळा लावून कठड्याकडे मागे-मागे सरकू नका. आधी जागा पाहा, पाय रोवा, मग डोळा लावा.

कोणत्या वेळी जावं? पुस्तकात ‘सकाळचं सोनेरी ऊन’ लिहिलेलं असतं, पण शेडच्या उत्तरेकडे उभ्या असलेल्या रोलरवर सकाळी ऊनच येत नाही.
— वाचक, सिन्नर

तुमचा रोलर चुकत नाही, महिना चुकतोय. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. सप्टेंबरच्या शेवटापासून मार्चच्या विषुवदिनापर्यंत सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कलतो. या काळात यंत्राच्या उत्तरेकडच्या अंगावर थेट ऊन पडतच नाही. मार्चअखेरीपासून सूर्य पूर्वेच्या थोडा उत्तरेला उगवू लागतो आणि उत्तर अंगाला सकाळ-संध्याकाळ तिरकं ऊन मिळतं. एप्रिल आणि मे हे तुमच्या रोलरचे महिने. पुढे जुलैपर्यंत कोन आणखी चांगला असतो, पण पावसाचे ढग तो बहुधा दिसू देत नाहीत.

दुपार टाळाच. साधारण २० मे आणि पुन्हा २३-२४ जुलैच्या आसपास दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य आपल्या अगदी डोक्यावर असतो. यंत्राच्या वरच्या कडा पांढऱ्या पडतात आणि खालचं सगळं काळं. डिसेंबरात मात्र भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सत्तेचाळीस अंशांच्या आसपासच असतो, म्हणून हिवाळ्यात दहा-अकरा वाजताचं ऊनही वापरता येतं.

गंजाचा खरखरीतपणा दाखवायचा असेल तर ऊन पृष्ठभागाला घासून गेलं पाहिजे, दहा ते वीस अंशांनी. गंजाचे पापुद्रे, ओतकामाचा दाणेदारपणा, पाटीवरची उठावाची अक्षरं या सगळ्यांना तेव्हा स्वतःची सावली मिळते. सपाट बाजूच्या समोरून येणारं ऊन हे सगळं पुसून टाकतं, कितीही सोनेरी असलं तरी. पाटी वाचता येत नसेल आणि ऊन बाजूचं नसेल, तर पाटीवर एका हाताने सावली धरा आणि दुसऱ्या हाताने टॉर्च कडेकडून मारा.

ढगाळ दिवस वाईट नाही. शेड, नळ्या, जाळ्या अशा गुंतागुंतीच्या यंत्रांना तो उलट बरा, कारण सावल्यांचं आणखी एक जाळं त्यावर पडत नाही. फक्त आकाश चौकटीबाहेर ठेवा. पांढरं आकाश फोटोच्या वरच्या कडेला भोक पाडल्यासारखं दिसतं.

जुन्या नाशकातल्या एका वाड्यात बंद छापखाना आहे. खोली दहा बाय बारा फुटांची, एक दार, एक छोटी खिडकी. ट्रेडल मशीन कोपऱ्यात. दाराकडून काढलं तर मशीन काळं, दुसरीकडून काढलं तर खिडकी पांढरी फट्ट. फ्लॅश मारला तर सगळी मजा जाते.
— वाचक, पंचवटी

कॅमेऱ्यावरचा समोरून मारलेला फ्लॅश बंद ठेवलात हे बरं केलंत. खोलीतली ट्यूबही बंद करा. खिडकीचा निळसर आणि ट्यूबचा हिरवट-पिवळा उजेड एकाच लोखंडावर पडला की नंतर रंग सुधारत बसावं लागतं.

जागा ठरवताना खिडकी पाठीमागेही नको आणि समोरही नको, बाजूला हवी. ट्रेडलमध्ये पाहण्याच्या गोष्टी तीन: वरची शाईची गोल तबकडी, तिच्यावरून खाली उतरणारे रोलर आणि कागद जिथे दाबला जायचा तो जबडा. छातीच्या उंचीवरून, बाजूने तिरकं पाहिलं की या तिन्ही एका ओळीत येतात आणि फ्लायव्हील मागे साथीला राहतं. खूप खालून काढलं तर तबकडीची फक्त कड दिसते आणि मशीन कशाचं आहे तेच कळत नाही.

ट्रायपॉड लावा. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ/८, दोन सेकंदांचा टायमर. शटर अर्ध्या सेकंदापासून आठ-दहा सेकंदांपर्यंत कुठेही जाईल, ते उजेडावर. वाड्याची जमीन लाकडी तक्तपोशीची असेल तर त्या वेळात कुणी पाऊल टाकू नये. तक्ता हलतो आणि फोटो हलका दुहेरी येतो. लोक लेन्सला दोष देतात.

खिडकी चौकटीत येणारच असेल तर कॅमेरा न हलवता तीन फोटो घ्या: पहिला मशीनच्या मानाने, दुसरा त्याहून दोन स्टॉप कमी, तिसरा दोन स्टॉप जास्त (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). नंतर संगणकावर मशीन एका फोटोतून आणि खिडकी दुसऱ्यातून जुळवा. आपोआप एचडीआरचं (उजळ-गडद फोटो एकत्र करणारं) बटण दाबलं तर खिडकीच्या गजांभोवती उजळ वलय येतं आणि काळं लोखंड राखाडी होतं. ट्रेडल काळंच दिसलं पाहिजे. कॅमेऱ्याचं मीटर काळ्या वस्तूला मधल्या राखाडीकडे ओढतं, म्हणून मीटर सांगतं त्यापेक्षा दोन-तृतीयांश ते एक स्टॉप कमी ठेवा.

मशीनची सावलीतली बाजू उघडायला थर्माकोलचा दोन बाय तीन फुटांचा पांढरा तुकडा पुरतो. खिडकीच्या विरुद्ध बाजूला, चौकटीच्या अगदी बाहेर उभा करा. त्याहून जास्त हवं असेल तर दहा-पंधरा सेकंदांचं एक्स्पोजर ठेवून टॉर्च बाजूने फिरवत राहा. टॉर्च एका जागी थांबला की तिथे डाग पडतो, आणि कॅमेऱ्याच्या दिशेने वळला की उजेडाची रेघ उमटते.

खिळ्यांच्या (छपाईच्या धातूच्या अक्षरांच्या) केसचा, म्हणजे कप्प्यांच्या खणाचा, फोटो काढणार असाल तर उजेड अगदी आडवा घ्या, म्हणजे अक्षराचा माथा चमकतो आणि खोलगट भाग काळा राहतो. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं. संगणकात फोटो उलटवून ते वाचण्याजोगं करू नका, मग खिळ्याची खाच आणि डावी-उजवी बाजू सगळंच खोटं होतं. खिळ्यांत शिसं असतं. हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका.

मालेगावात एका शेडमध्ये बंद यंत्रमागांची लांब रांग आहे. रांग भव्य वाटते, फोटोत ती संपूनच जाते.
— वाचक, मालेगाव

रुंद लेन्सने मधल्या वाटेत उभं राहून काढत असणार. त्यात पहिला माग प्रचंड आणि चौथ्या मागापासून पुढचे सगळे टिचभर. त्याऐवजी वाटेच्या टोकाला भिंतीला पाठ लावा आणि ८५ किंवा १०० मिमी लावा. आता माग एकमेकांवर रचल्यासारखे येतात आणि रांग घट्ट होते. किंमत अशी की स्पष्ट दिसणारा खोलीचा पट्टा आक्रसतो: ८५ मिमी, एफ/८, पाच मीटरवर फोकस केला तर साडेचार ते साडेपाच मीटर एवढंच स्पष्ट येतं. म्हणून दोनपैकी एक ठरवा. एकच माग स्पष्ट, बाकी त्याच्या मागेपुढे धूसर. नाही तर ट्रायपॉडवरून फोकस पुढे सरकवत सहा-आठ फोटो आणि ते नंतर एकत्र जोडणं. एफ/२२ हा तोडगा नव्हे. विवर्तनामुळे (बारीक भोकातून जाताना उजेड पसरतो) सगळंच थोडं मऊ पडतं.

रुंदच हवं असेल तर १८ मिमी, एफ/८, दोन मीटरवर फोकस: एक मीटरपासून शेडच्या शेवटापर्यंत सगळं कामापुरतं स्पष्ट. पण मग पहिल्या मागाने ती जागा कमावली पाहिजे. तुटलेला ताणा (उभे धागे) लोंबतोय, त्यात धोटा (आडवा धागा नेणारा) अडकून राहिलाय असा माग पुढे घ्या. सगळे माग सारखे असताना एक वेगळा, हीच रांगेच्या फोटोची गरज असते. तो वेगळा माग चौकटीच्या नेमक्या मध्यात मात्र ठेवू नका.

शेडमध्ये लेन्स बदलू नका. कापसाची तूस सेन्सरवर बसली की प्रत्येक फोटोत दिसते. छताला हिरवे-निळे पारदर्शक पत्रे असतील तर व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ऑटोवर न ठेवता तिथेच पांढरा कागद धरून ठरवा.

माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. या सगळ्याचा उपयोग?
— वाचक, नाशिक रोड

जवळजवळ सगळ्याचा. मुख्य लेन्स बहुतेक फोनमध्ये फुल फ्रेमच्या (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) २४ ते २६ मिमी इतकी रुंद असते, आणि ०.५ ची तर यंत्रांना वेडंवाकडं करण्यात पटाईत. चार पावलं मागे जा आणि २ किंवा ३ पट वापरा. लेन्स रुमालाने पुसा. खिशातल्या तेलकट बोटांमुळे उजळ खिडकीभोवती धुकं येतं. यंत्राच्या गडद भागावर बोट दाबून फोकस आणि उजेड लॉक करा, मग उजेडाची पट्टी किंचित खाली ओढा. चौकटीची जाळी चालू ठेवा. देखावा ओळखून रंग वाढवणारी सोय बंद, कारण गंज तिला सूर्यास्त वाटतो.

पावसाळ्यात जावं का?
— वाचक, इगतपुरी

जावं, पाऊस थांबल्यावर. ओला गंज गडद आणि तांबूस होतो, हिरवळ त्याच्याविरुद्ध उठून दिसते. ओल्या गंजावर, रंगावर, पानांवर आकाशाची पांढरी चमक येते. ती पोलरायझर फिल्टरने जाते. तो लावून सावकाश फिरवा आणि चमक मावळली की थांबा. दीड-दोन स्टॉप उजेड खातो, तेवढा हिशेब ठेवा. उघड्या, घासलेल्या धातूवरची चमक मात्र त्याने जात नाही. तिथे तुमचीच जागा बदलावी लागते.

ऑगस्टनंतर गवत कमरेपर्यंत येतं आणि यंत्राचे पाय गायब होतात. यंत्राची पूर्ण आकृती हवी असेल तर फेब्रुवारी-मार्च बरा. फोटोसाठी वेली उपटू नका. यंत्र किती वर्षं थांबलंय हे सांगणारी तीच एक गोष्ट चौकटीत असते.

संगणकावर किती ‘सुधारावं’? माझ्या मित्रमंडळात जितका केशरी तितका चांगला, असं चालतं.
— वाचक, कॉलेज रोड

गंज केशरी कमी आणि तपकिरी जास्त असतो. रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा, केशरीची संपृक्तता वाढवायच्या आधी दहाने कमी करून पाहा आणि त्याच रंगाचा उजळपणा थोडा वाढवा. पापुद्रे दिसायला लागतात, रंग ओरडत नाही. क्लॅरिटी किंवा टेक्श्चर पंधरा ते पंचवीस. साठ-सत्तरला गेलात की गुळगुळीत ओतीव लोखंडही खडबडीत दिसतं, मग खरा गंज आणि चांगला भाग यांतला फरकच उरत नाही.

उभ्या रेषा सरळ करताना चौकटीच्या कडा कापल्या जातात. काढतानाच चारही बाजूंना दहा-पंधरा टक्के जास्तीची जागा सोडा. कृष्णधवल करणार असाल तर केशरीचा सरकता (स्लायडर) वर नेला की गंज उजळतो आणि निळ्याचा खाली नेला की आकाश गडद होतं. दिशाहीन रंगीत फोटो असा अनेकदा तरून जातो, पण मांडणी मुळातच ढिगाची असेल तर कृष्णधवल ढीग मिळतो.

बंद पडलेल्या साखर कारखान्यात शिरता येईल का? पहारेकरी ओळखीचा आहे.
— वाचक, दिंडोरी

पहारेकऱ्याची ओळख ही परवानगी नाही. काही झालं तर नोकरी त्याची जाते. सहकारी कारखान्यावर अवसायक (कारखाना गुंडाळणारा अधिकारी) नेमलेला असेल तर त्याचं, बँकेने ताबा घेतला असेल तर बँकेचं, भाड्याने दिला असेल तर चालवणाऱ्याचं लेखी पत्र हवं. अर्जात तारीख, वेळ, माणसं किती, ट्रायपॉड आहे की नाही आणि फोटो कशासाठी ते लिहा. ड्रोन हवा असेल तर ते वेगळं प्रकरण. ओझर, देवळाली आणि नाशिक रोडचे छापखाने यांमुळे जिल्ह्यातल्या बऱ्याच आकाशावर निर्बंध आहेत; डिजिटल स्काय या ड्रोनच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आधी पाहा. प्रतिभूती आणि नोट मुद्रणालय, तोफखान्याची हद्द, विमान कारखाना, एकलहऱ्याचं वीज केंद्र यांच्याकडे तोंड करून जमिनीवरूनही विनापरवाना कॅमेरा उचलू नका, मग समोर कितीही सुंदर गंजका क्रेन असो.

आत गेल्यावर गव्हाणीपासून सुरू करा आणि उसाच्या वाटेनेच पुढे जा: गव्हाण, गिरणीचे रोलर, रस उकळणारे पॅन, साखर वेगळी करणारी सेंट्रिफ्युगल. फोटोंची मालिका आपोआप क्रमाने लागते. रोलर आणि पॅन यांना माप द्यायला शेजारी माणूस उभा करा. पाठमोरा किंवा यंत्राकडे पाहणारा, कॅमेऱ्याकडे नको. माणूस नसेल तर जिन्याच्या पायऱ्या किंवा कठडा चौकटीत घ्या, तेवढ्याने आकार कळतो.

एकट्याने जाऊ नका. जाड तळाचे बूट, हातमोजे, दोन टॉर्च. पाऊल टाकण्याआधी लोखंडी जाळी काठीने ठोकून पाहा. आवाज भरीव येतो की पत्र्यासारखा, ते ऐका. सिमेंटच्या पत्र्याच्या छतावर चढू नका, वजनाने तो एकदम फुटतो. मळीच्या टाकीत, बॉयलरच्या भोकात डोकं किंवा कॅमेऱ्याचा हात घालू नका. आत प्राणवायू कमी असतो आणि विषारी वायू साठलेला असू शकतो. बंद प्रेस किंवा फ्लायव्हीलचा क्लच, खुंटी, लिव्हर फोटोला बरं दिसावं म्हणून हलवू नका. वर्षानुवर्षं अडकलेलं वजन एका धक्क्यात खाली येतं. पत्र्याखाली आणि पाइपांच्या तोंडात विंचू, साप, गांधीलमाश्या असतात. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन दहा वर्षं झाली असतील तर जाण्याआधी घ्या. गंजक्या पत्र्याने खोल कापलं आणि मागच्या इंजेक्शनला पाच वर्षं उलटली असतील, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.